दारं वाढवा, डबे नाही: पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या सल्फाइडची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. प्रवासात इअरफोन विसरणाऱ्या मंडळींसाठी. बोलताना आलेले जास्तीचे "म्हणजे" आणि "बरं का" कापलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. मी दिवसभर लॅबमध्ये एका काळ्या पावडरीच्या मागे असते. या पावडरीचं नाव मोलिब्डेनम डायसल्फाइड. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण तिला "मॉली" म्हणू. हे नाव मी ठेवलेलं नाही. कुठल्याही गॅरेजमध्ये जाऊन "मॉली ग्रीस द्या" म्हणा, मेकॅनिक काळपट ग्रीसचा डबा काढून देईल. त्या ग्रीसमध्ये हीच पावडर असते. मी ती पाण्यात बुडवते, करंट सोडते आणि पाण्यातून हायड्रोजन किती निघतो ते मोजते.

गॅरेजमधली वस्तू आणि हायड्रोजन यांचा संबंध काय? आणि ज्याच्याबद्दल रोज बातम्या येतात त्या ग्रीन हायड्रोजनला या पावडरीचा खरंच उपयोग आहे, की नुसतेच पेपर छापले जातायत? आज दोन्ही प्रश्न घेऊ. दुसरा जरा टोचणारा आहे, पण घेऊच.

दहावीचा प्रयोग आणि विजेचं बिल

दहावीच्या पुस्तकातला प्रयोग आठवा. पाण्यात थोडं आम्ल, दोन इलेक्ट्रोड, वर उलट्या धरलेल्या परीक्षानळ्या. करंट सोडला की एका नळीत दुप्पट वायू जमतो, तो हायड्रोजन. दुसरीत त्याच्या निम्मा, तो ऑक्सिजन. लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी हे १८०० साली केलं, व्होल्टाच्या बॅटरीची बातमी नुकतीच पोचली होती तेव्हा. म्हणजे कल्पना सव्वादोनशे वर्षं जुनी आहे.

मग अडलंय कुठे? विजेच्या बिलात.

पाणी फोडायला हिशोबाप्रमाणे किमान १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात तेवढ्यावर जवळपास काहीच होत नाही. कारखान्याच्या वेगाने वायू हवा असेल तर १.८ च्या आसपास जावं लागतं. मधला जो फरक आहे त्याला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर हा रिक्षाचा वेटिंग चार्ज आहे. त्याने अंतर काही कापलं जात नाही, पैसे मात्र जातात.

किती जातात? १ किलो हायड्रोजनसाठी दर एका व्होल्टमागे साधारण २६.६ युनिट वीज लागते. हा फॅरडेच्या नियमाचा सरळ हिशोब आहे, तुम्हीही कागदावर करून बघा. १.८ व्होल्टला झाले ४८ युनिट. पंप वगैरे धरले की ५० च्या वर. आता व्होल्टेज फक्त ०.१ ने कमी केलं, म्हणजे १०० मिलिव्होल्ट वाचवले, तर किलोमागे २.६६ युनिट वाचतात.

एवढंसंच वाटतंय ना? थांबा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं. लक्ष्य आहे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. एवढा सगळा हायड्रोजन खरोखर बनला असं धरून २.६६ ला गुणा. वर्षाला १,३०० कोटी युनिटच्या वर जातं. महिन्याला १०० युनिट वापरणारी एक कोटीहून जास्त घरं तेवढ्यावर वर्षभर चालतील. शंभर मिलिव्होल्टच्या मागे आम्ही वेड्यासारखे का लागतो, ते यात आलं.

चढलं पाहिजे आणि उतरलंही पाहिजे

कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, हा वेटिंग चार्ज कमी करतो. कसा, ते लोकल ट्रेनवरून बघू.

कॅथोडवर काय होतं? द्रावणातला हायड्रोजन आयन इलेक्ट्रॉन घेतो आणि धातूच्या पृष्ठभागावर येऊन बसतो. असे दोन हायड्रोजन एकत्र आले की रेणू तयार होतो आणि बुडबुडा होऊन निघून जातो. म्हणजे आधी चढायचं, मग उतरायचं. पृष्ठभागाची हायड्रोजनवरची पकड ढिली असेल तर कुणी चढतच नाही. पकड घट्ट असेल तर चढलेला उतरत नाही. दारात पाय रोवून उभा राहिलेला माणूस माहितीये ना, जो दादरलाही हलत नाही? एकामुळे अख्खी गर्दी अडते.

पकड बेताची हवी, हे तत्त्व फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं होतं. वेगवेगळे धातू घेऊन आडव्या अक्षावर पकड आणि उभ्या अक्षावर वेग मांडला की डोंगरासारखा आलेख येतो. एका बाजूला घट्ट पकडीचे धातू, दुसऱ्या बाजूला ढिल्या पकडीचे. शिखराजवळ प्लॅटिनम. प्लॅटिनम दुर्मिळ, महाग, आणि बहुतेक सगळं दक्षिण आफ्रिकेतून येणारं. म्हणून शोध सुरू झाला: शिखराजवळ बसेल असं स्वस्त काही आहे का?

मॉली त्या यादीत नव्हतीच. १९७० च्या दशकात तिचे मोठे स्फटिक तपासून झाले होते आणि निष्कर्ष निघाला होता की हायड्रोजनसाठी ही काही कामाची नाही. विषय संपला.

मुळांवरच्या गाठींनी दिलेली खूण

तो विषय परत उघडला तो जीवशास्त्रामुळे.

हरभरा किंवा सोयाबीनचं रोप उपटलंय कधी? मुळांवर छोट्या छोट्या गाठी दिसतात. त्यात राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला देतात. हे काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव नायट्रोजिनेज. ते नायट्रोजनवर काम करताना जोडीला हायड्रोजनही सोडतं. आणि त्याच्या पोटात काय आहे? लोखंड, मोलिब्डेनम आणि गंधक. प्लॅटिनमचा एक अणूसुद्धा नाही. शेतातल्या मातीत, साध्या तापमानाला, निसर्ग गंधक आणि स्वस्त धातूंवर हे काम चालवतोय.

२००५ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी संगणकावर हिशोब केला. मॉलीच्या थराची जी कड असते, तिथल्या गंधकाच्या अणूंची मांडणी या एन्झाइमच्या गाभ्याशी मिळतीजुळती आहे. आणि त्या कडेची हायड्रोजनवरची पकड जवळजवळ बेताची निघाली, प्लॅटिनमच्या शेजारी बसेल अशी.

इथे मॉलीची रचना समजून घ्यायला हवी. ती वहीच्या पानांसारखी असते. एकेक पान म्हणजे गंधक, मोलिब्डेनम, गंधक असा तीन अणूंचा थर. पानं एकमेकांवर सहज घसरतात, म्हणून ती ग्रीसमध्ये चालते. पानाचा सपाट भाग तृप्त असतो, त्याला कुणाशी काही देणंघेणं नसतं. कडेला मात्र काही बंध अर्धवट राहिलेले असतात. जे काही घडतं ते कडेला.

कागदावर हे छान दिसत होतं, पण सिद्ध कसं करायचं? २००७ मध्ये डेन्मार्कमधल्याच गटाने ते करून दाखवलं आणि निकाल "सायन्स" या नियतकालिकात आला. त्यांनी सोन्याच्या सपाट पृष्ठभागावर मॉलीचे नॅनोमीटर आकाराचे कण बनवले. वेगवेगळ्या तापमानाला भाजून काही नमुन्यांत कण लहान ठेवले, काहींत मोठे केले. अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली कडांची एकूण लांबी आणि सपाट भागाचं क्षेत्रफळ, दोन्ही मोजलं. मग तेच नमुने द्रावणात घालून करंट मोजला. करंट क्षेत्रफळाप्रमाणे बदलत नव्हता, कडेच्या लांबीप्रमाणे बदलत होता.

मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात पळवाट राहिलेली नाही. लोकलमध्ये चढता येतं ते दारातून. डबा लांबवून काय होणार? दारं वाढवा.

एक गंमत सांगते. पेट्रोल रिफायनऱ्यांमध्ये डिझेलमधलं गंधक काढायला हीच मॉली, थोडा कोबाल्ट घालून, कित्येक दशकं वापरली जातेय. तिथेही काम कडेलाच चालतं. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ इंधन आलं, त्यात गंधक १० पीपीएमच्या आत. त्या साफसफाईत या कुटुंबातल्या उत्प्रेरकांचा मोठा वाटा असतो. म्हणजे तुमच्या एसटीच्या डिझेलची आणि माझ्या लॅबमधल्या पावडरीची भाऊबंदकी आहे.

मग डिझाइन म्हणजे नेमकं काय करायचं?

चार मार्ग आहेत. एकेक बघू.

पहिला, कडा वाढवा. कण लहान करा, थर आडवे न वाढवता गवतासारखे उभे वाढवा. २०१२ मध्ये एका गटाने मॉलीची आतून वळणावळणाची, स्पंजसारखी रचना केली, जिथे पृष्ठभागाला सपाट पसरायला जागाच मिळत नाही आणि कडा आपोआप उघड्या राहतात.

दुसरा, इलेक्ट्रॉनला रस्ता द्या. मॉली अर्धवाहक आहे. इलेक्ट्रॉन पानाच्या पृष्ठावरून पळतो, पण एका पानावरून दुसऱ्यावर उडी मारताना दमतो. दार उघडं आहे आणि स्टेशनवर यायला रस्ताच नाही, अशी अवस्था. म्हणून तिला ग्राफीनसारख्या कार्बनवर वाढवतात. किंवा लिथियमचे अणू थरांत घुसवून तिची अणुरचनाच बदलतात, तेव्हा ती धातूसारखी वागायला लागते. बंगळुरूमध्ये प्रा. सी. एन. आर. राव यांच्या गटाने २०१३ मध्ये या धातूसारख्या रूपावर प्रकाशाच्या मदतीने हायड्रोजन काढण्याचं गाजलेलं काम केलं. अडचण अशी की हे रूप अस्थिर असतं, संधी मिळाली की मूळपदावर येतं.

तिसरा, आळशी सपाट भागाला कामाला लावा. त्यातले काही गंधकाचे अणू काढून भोकं पाडा. थर थोडा ताणून धरा. २०१६ मध्ये दाखवलं गेलं की भोकं आणि ताण दोन्ही मिळून पकड हवी तशी जुळवता येते. मोलिब्डेनमच्या जागी थोडा कोबाल्ट किंवा निकेल घालणं हाही याच मार्गातला उपाय.

चौथा, जोडीदार शोधा. आम्लात हायड्रोजन आयन भरपूर असतात. अल्कली द्रावणात ते जवळपास नसतात, तिथे आधी पाण्याचा रेणू फोडावा लागतो. मॉलीला ते काम नीट जमत नाही. म्हणून तिला निकेल सल्फाइडला चिकटवतात. सांध्यावर एक जण पाणी फोडतो, दुसरा हायड्रोजन पकडतो. नवरा पोळ्या लाटतो, बायको भाजते, तसं.

बनवायचं तंत्र त्या मानाने सोपं आहे. सोडियम मोलिब्डेट आणि थायोयुरिया पाण्यात विरघळवायचे, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या भांड्यात घट्ट बंद करायचे आणि ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास अख्खा दिवस ठेवायचे. तत्त्व आपल्या प्रेशर कुकरचंच. फक्त ते भांडं पूर्ण थंड झाल्यावर फ्यूमहूडमध्येच उघडायचं, कारण आत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास येतो आणि तो वायू विषारी आहे. त्यात चेष्टा नाही.

"ताई, पीएचडी घेऊ का?"

आता तो टोचणारा प्रश्न. मागच्या महिन्यात एका श्रोतीचा मेसेज आला. ती एमएस्सीला आहे. लिहिते, "ताई, सर म्हणतात मेटल सल्फाइडवर पीएचडी घे, पेपर पटापट निघतात. पण याने खरंच काही होणार आहे का?"

तिला मी हिशोब पाठवला, तोच इथे मांडते.

१ मेगावॉटचा पीईएम इलेक्ट्रोलायझर घ्या. हा आम्लाच्या पडद्याचा प्रकार. दर चौरस सेंटीमीटरला २ अँपिअर आणि १.८ व्होल्ट धरले तर लागणारं क्षेत्रफळ येतं २८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट. मुंबईतलं वन आरके. त्यावर चौरस सेंटीमीटरला अर्धा मिलिग्रॅम प्लॅटिनम धरलं तर एकूण १४० ग्रॅम. ग्रॅमला ५ हजार रुपये धरू. झाले ७ लाख.

आता प्लॅटिनम काढून मॉली लावली. ती बिनपैशाची आहे असंच धरा. पण तिचं ओव्हरपोटेन्शियल प्लॅटिनमपेक्षा समजा १५० मिलिव्होल्टने जास्त आहे. चांगल्या नमुन्यांतही फरक त्याच घरात असतो. म्हणजे किलोमागे ४ युनिट जादा. हे यंत्र तासाला साधारण २० किलो हायड्रोजन देतं, म्हणजे तासाला ८० युनिट जादा. ५ रुपये युनिटने ४०० रुपये तास. ७ लाख भागिले ४०० म्हणजे १,७५० तास. सलग चालवलं तर अडीच महिन्यांत प्लॅटिनमचे वाचवलेले सगळे पैसे वीज कंपनीकडे गेले! आणि प्लॅटिनम तर वापरून झाल्यावर परत काढून विकताही येतं.

पुढे ऐका. याच यंत्राच्या दुसऱ्या बाजूला, ॲनोडवर, इरिडियम लागतं, १ ते २ मिलिग्रॅम. जगात वर्षाला इरिडियम निघतं सात-आठ टन. ५० लाख टन हायड्रोजनसाठी यंत्रं दिवसरात्र चालवली तरी २९ गिगावॉट लागतील. सगळी पीईम प्रकारची केली तर साधारण १२ टन इरिडियम. एकट्या भारताला, जगाचं दीड वर्षाचं उत्पादन. खरी टंचाई तिथे आहे. आणि सल्फाइड त्या बाजूला टिकत नाहीत. ऑक्सिजनच्या बाजूला त्यांचं ऑक्सिडेशन होतं, गंधक सल्फेट बनून निघून जातं. निकेल-कोबाल्टची सल्फाइडं अल्कलीत ॲनोडवर छान चालतात असे शेकडो पेपर आहेत, पण थोड्या वेळाने तिथे सल्फाइड उरलेलंच नसतं. काम करत असतो तो मागे राहिलेला ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा थर.

मग सगळं सोडून द्यायचं? नाही. पण "प्लॅटिनम महाग, आमची पावडर स्वस्त" हे वाक्य सोडून द्यायचं.

सल्फाइडची जागा मला दिसते ती अल्कली बाजूला. तिथे प्लॅटिनम, इरिडियम मुळात वापरावंच लागत नाही, निकेलवर काम चालतं. हे तंत्र आपल्याकडे जुनं आहे. १९६० च्या दशकात पंजाबात नांगलला भाक्राच्या विजेवर पाणी फोडून खतासाठी हायड्रोजन बनवत होते. त्या साध्या निकेलपेक्षा निकेल-मॉलीच्या जोडीने ५० जरी मिलिव्होल्ट वाचवले आणि ते वर्षानुवर्षं वाचत राहिले, तर ती नक्त कमाई आहे. शिवाय गंधकाची घाण लागली की प्लॅटिनम विषबाधा झाल्यासारखं बंद पडतं. सल्फाइडला गंधकाचं काय भय?

म्हणून त्या श्रोतीला मी तीन प्रश्न लिहून दिले. लॅबमध्ये जाऊन ते विचारायचे, मग ठरवायचं.

एक: तुमच्या सेलमधला समोरचा इलेक्ट्रोड कशाचा आहे? तो प्लॅटिनमची तार असेल तर सावध. चाचणी चालू असताना प्लॅटिनम थोडं थोडं विरघळतं आणि तुमच्या नमुन्यावर येऊन बसतं. नमुना दिवसेंदिवस "सुधारत" जातो. कौतुक पावडरीचं, काम प्लॅटिनमचं. आम्ही ग्राफाइटची कांडी लावतो. स्वस्तही पडते.

दोन: किती करंटला मोजता? पेपरमध्ये १० मिलिअँपिअरचा आकडा असतो. कारखाना चालतो त्याच्या शंभर-दोनशे पटींवर. तिथे बुडबुडेच इतके होतात की पृष्ठभाग झाकून टाकतात, आणि नीट न चिकटलेली पावडर गळून पडते.

तीन: बंद करून पुन्हा चालू करता का? सौरऊर्जा संध्याकाळी जाते. करंट चालू असताना मॉली सुरक्षित असते. बंद झाला की तिच्या कडांना ऑक्सिडेशनचा धोका असतो, आणि कामाची जागा तर कडाच. रोज सूर्यास्त सोसणारा नमुना हवा. सलग २४ तासांचा सरळ रेषेचा आलेख त्याबद्दल काही सांगत नाही.

तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली, तर घे प्रवेश. सर चिडले, तर तेही उत्तरच आहे.

तिचं काय ठरलं ते अजून कळलेलं नाही. कळवशील ना गं?

आणि बाकी मंडळी, कॉलेजमध्ये पोटेन्शिओस्टॅट नसेल तरी नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीतली दोन शिसं आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी घ्या. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी पेटवू नका. कुठल्या शिशावर दुप्पट बुडबुडे येतात ते बघा, आणि मग पुढची "अमुक धातूने प्लॅटिनमला हरवलं" अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी वरचे तीन प्रश्न तिला विचारा.

पुढच्या भागात ॲनोडची बाजू, म्हणजे इरिडियमची भानगड. तोपर्यंत ऐकत राहा, प्रश्न पाठवत राहा. भेटू!